पंढरीचे बोळ आणि नगरपालिका

आषाढीला पंढरपुरातले रस्ते बंद होतात, यात आपल्याला नवे काही नाही. गाड्या गावाबाहेर थांबतात. चंद्रभागा, भीमा, पांडुरंग, विठ्ठल अशा गोड नावांची एसटीची तात्पुरती स्थानके गावाच्या कडेने उभी राहतात. चौफाळ्यापासून महाद्वारापर्यंत पायांखेरीज दुसरे वाहन उरत नाही. हा रस्ता आपल्यासाठी बंद होतो. आपण टाळ वाजवत मधून चालावे म्हणून बाकीच्यांनी थांबायचे, असा तो बंद असतो.

१ जुलै २०२० या दिवशी, आषाढी एकादशीला, पंढरपूरचे रस्ते उलट्या अर्थाने बंद होते. गावात संचारबंदी होती. मंदिराचे दार १७ मार्चपासून दर्शनाला मिटलेले होते. मानाच्या पालख्यांतल्या पादुका दशमीला एसटीत बसून आल्या आणि प्रत्येकीबरोबर मोजकी वीसेक माणसे. शासकीय महापूजेला दर वर्षी दर्शनबारीतल्या पहिल्या वारकरी दाम्पत्याला मान मिळतो. त्या वर्षी बारीच नव्हती, म्हणून मंदिरातच विणेचा पहारा देणाऱ्या वारकऱ्याला आणि त्यांच्या पत्नीला तो मान मिळाला. महाद्वारातले रहिवासी खिडकीतून रिकामा रस्ता पाहत होते. ज्यांच्या घराच्या ओट्यावर आषाढीत पाय ठेवायला जागा नसते, त्यांनी आपल्या हयातीत असा रस्ता पाहिला नव्हता.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला, तो होता १८९७ चा साथरोग अधिनियम. मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा इंग्रज सरकारने घाईघाईने केलेला चार कलमांचा छोटासा कायदा. माणसांचा प्रवास अडवण्याचा, त्यांची तपासणी करण्याचा अधिकार त्यात आहे, आणि सद्हेतूने केलेल्या कारवाईबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असेही त्यात आहे. म्हणजे आपल्या काळातल्या बंद वारीचे मूळ सव्वाशे वर्षे मागे जाते. मागे गेले की दिसते ते असे: पंढरपुरातला रस्ता कोणी, कोणाला विचारून आणि कोणासाठी बंद करायचा, हा प्रश्न या गावाच्या नगरपालिकेइतकाच जुना आहे.

पंढरपूरची नगरपालिका १८५५ ची. सोलापूर शहराची त्याच्या तीन वर्षे आधीची. त्या काळी नगरपालिका ही मोठी नवलाईची गोष्ट होती, आणि पंढरपुरासारख्या तालुक्याच्या गावाला ती इतक्या लवकर मिळाली याला कारण आपणच, म्हणजे यात्रा. गावात राहणारे काही हजार आणि वर्षातून चार वेळा येणारे लाखाच्या घरात. त्यांच्या पाण्याची, दिवाबत्तीची, मलमूत्राची सोय कोणी करायची? नगरपालिकेने करायची. पैसा कुठून आणायचा? यात्रेकरूंकडून. यात्रा कराची ही व्यवस्था अशी बसली की नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्या करातून येऊ लागला.

इथे एक गंमत आहे, आणि ती पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरून उरली आहे. नगरपालिकेत सुरुवातीला सरकारने नेमलेले सभासद बसत. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर निवडणुका आल्या आणि गावातले लोक मत देऊ लागले. वारकरी कर देत होता, पण त्याला मत नव्हते. त्याचे मत त्याच्या गावी, परभणीला नाहीतर साताऱ्याला. रहिवाशाला मत होते, पण जत्रेच्या पंधरा दिवसांत स्वतःच्या दारापुढचा रस्ता त्याचा नसे. ज्याच्या पैशाने गटार बांधायचे तो एकादशी करून निघून जाणार, आणि ज्याच्या दारावरून ते वाहणार तो वर्षभर तिथेच. पालिकेने दोघांपैकी कोणाचे ऐकायचे? बहुतेक वेळा तिने दोघांचेही ऐकले नाही, वरून आलेल्या हुकमाचे ऐकले.

हुकूम येत होते ते पटकीच्या भीतीने. १८६५ साली हजला गेलेल्या यात्रेकरूंमध्ये पटकीची साथ भडकली आणि तिथून ती युरोपात पसरली. लगेच पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, युरोपातल्या सरकारांची आरोग्य परिषद भरली, आणि तिने बोट दाखवले हिंदुस्थानातल्या तीर्थयात्रांकडे. आपल्या आज्या-पणज्या पदराला भाकरी बांधून चालत होत्या आणि तिकडे बॉस्फरसच्या काठी त्यांच्या चालण्यावर ठराव होत होते. त्यानंतर हरिद्वार, पुरी आणि पंढरपूर ही नावे सरकारी दप्तरात रोगाची नावे असावीत तशी येऊ लागली. पटकी होते कशाने, हेसुद्धा तेव्हा सर्वांना मान्य असे ठरलेले नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी तिचा जंतू ओळखला तो १८८४ च्या सुमारास, कोलकात्यात काम करताना. तोवर बरेच साहेब दुर्गंधीला दोष देत आणि दुर्गंधीचा दोष गर्दीला देत.

त्यांचे सगळेच चुकीचे होते असे म्हणता येणार नाही, आणि आपल्या मंडळींनी तसे म्हणू नये. पटकीने माणसे खरोखर मरत होती. वाळवंटात शौच, त्याच पात्रात स्नान आणि तेच तीर्थ म्हणून ओंजळीने पिणे, हे जंतूला आमंत्रण होते. विहिरींत लाल औषध टाकणे, आजाऱ्यांसाठी वेगळी छपरे उभारणे, पुढे लस टोचणे, या उपायांनी किती घरांतली माणसे परत घरी पोचली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. दुखणे होते ते पद्धतीत. अधिकाऱ्यांच्या नजरेत वारकरी हा आजारापासून वाचवायचा माणूस नव्हता, तोच आजार होता. १९०६ मध्ये बार्शी लाइटची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपुरात आली आणि चालणाऱ्यांत बसून येणाऱ्यांची भर पडली. तशी ही नजर अधिक कडक झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तर पालखी ही प्लेग वाहून आणते, म्हणून यात्रेवर निर्बंध घालावेत, असा विचार मुंबई सरकारात गंभीरपणे चालला. मुंबई इलाख्यातल्या यात्रांची पाहणी करायला खास यात्रा समितीही बसली. यात्रा काही थांबली नाही. थांबवली तर काय होईल, याचा अंदाज सरकारलाही होता.

तो अंदाज कशावरून होता, ते पाहण्यासारखे आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या सोहळ्याला जी घडी घालून दिली, ती केवळ भक्तीची घडी नाही. गर्दी चालवण्याची ती एक पूर्ण व्यवस्था आहे, आणि इंग्रजांच्या नगरपालिकेपेक्षा ती वयाने मोठी आहे. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत. प्रत्येक दिंडीला वीणेकरी आहे. वीणा जिथे, तिथे दिंडी. समाजआरतीला चोपदाराने चोप उंच केला की हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने तेवढे टाळ वाजवत राहायचे, आणि तिचे ऐकून घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही. तक्रार ऐकण्याची याहून सोपी आणि याहून चोख रीत मी कुठल्या कचेरीत पाहिलेली नाही. वाखरीहून पंढरीत शिरतानाही कोणती पालखी कोणामागे हे ठरलेले आहे. नामदेवराय पुढे येऊन सामोरे जातात आणि माउली सर्वांत शेवटी. हा क्रम पोलिसाने लावलेला नाही.

पण खरे तेही सांगितले पाहिजे. ही शिस्त वाखरीहून निघून गावात शिरेपर्यंतची आहे. पालखी आपल्या मठात विसावली, दिंड्या आपापल्या फडावर गेल्या, की क्रमांक संपतात. त्यानंतर चंद्रभागेकडे निघालेली म्हातारी कोणत्याच दिंडीतली नसते; ती गर्दीतली एक असते. दर्शनबारी, महाद्वार, घाट आणि प्रदक्षिणा या चार ठिकाणी चोपदाराचा चोप पोचत नाही. तिथे पालिका, पोलीस आणि कलेक्टर यांचे राज्य सुरू होते. संप्रदायाने माणसे अडीचशे किलोमीटर सुखरूप आणून ज्या क्षणी व्यवस्थेच्या हाती सोपवायची, त्या क्षणी कोण कोणाला काय सांगतो? आमच्या पिढ्यानपिढ्यांच्या सोहळ्यात या सांध्याला नाव नाही, आणि सरकारी आराखड्यातही नाही. पंढरपुरातली भांडणे बहुतेक याच सांध्यावर झालेली आहेत.

महाद्वारातल्या घरांची गोष्ट यात आलीच पाहिजे. आपण ज्याला बोळ म्हणतो, तो तिथल्या माणसाचा उंबरठा असतो. बडव्यांचे, उत्पातांचे, कोळ्यांचे, फुलारी-बुक्केवाल्यांचे वाडे आणि दुकाने पिढ्यान्‌पिढ्या मंदिराला चिकटून उभी आहेत. धर्मशाळा नव्हत्या तेव्हा आपली माणसे याच वाड्यांच्या पडव्यांत उतरत. जत्रेवर गावाचे पोट चालते हे खरे. पण जत्रेत गावाला जे सोसावे लागते ते आपण पाहत नाही, कारण द्वादशीचे पारणे सोडून, फार तर पौर्णिमेच्या गोपाळपूरच्या काल्यानंतर, आपण गेलेले असतो. २०११ च्या जनगणनेत या गावाची वस्ती ९८,९२३ होती. एवढ्या गावात दहा लाखांवर माणसे उतरली, की घरातल्या आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला रिक्षा दारापर्यंत येत नाही, आग लागली तर बंब आत शिरत नाही, गॅसची टाकी खांद्यावर आणावी लागते. रहिवासी कुरकुर करतो, आणि आपण म्हणतो, पंढरीत राहून कुरकुर कसली? हे म्हणणे सोपे आहे.

ऐंशीच्या दशकात मास्टर प्लॅन आला. रस्ते रुंद करायचे म्हणून मंदिराच्या आजूबाजूची घरे-दुकाने पाडली गेली. आजच्या वारकऱ्याला प्रदक्षिणा मार्गावर जे काही मोकळे वाटते, त्यातले बरेच त्या पाडकामातून आले आहे. आणि गावात आजही साठी-सत्तरीतली माणसे आहेत जी एखाद्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून सांगतात, इथे आमचे देवघर होते. दोन्ही गोष्टी एकाच जागेबद्दल खऱ्या आहेत.

आता वाळवंटाकडे वळतो. वाळवंटात उभे राहून कीर्तन ऐकलेल्या कोणालाही त्या जागेची महती सांगायला नको. पण त्या वाळवंटाची दुसरी बाजू आपण शतकभर पाहिली नाही. जत्रेनंतर लाखो माणसांचा मैला हाताने उचलणारे कोण होते? पालिकेचे सफाई कामगार, पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या जातींतले. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक झाला, तरी पंढरपुरात जत्रेनंतर हे चालूच होते. प्रकरण जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१४-१५ च्या सुमारास न्यायालयाने पात्रात राहुट्या-तंबू ठोकून राहण्यास मनाई केली. भजन-कीर्तनाला वर्षातले ठरावीक दिवस मोकळे ठेवले. त्यातूनच पासष्ट एकराच्या जागेवर दिंड्यांना भूखंड, पाणी, शौचालये देण्याची व्यवस्था उभी राहिली, जिला आज भक्तिसागर म्हणतात.

त्या वेळी आपल्यातल्या बऱ्याच फडांनी आरडाओरडा केला. वाळवंट हिरावून घेतले, परंपरा मोडली, असे म्हटले. मीही तेव्हा तसेच काही बोललो असेन. पण ज्या चोखोबांची समाधी आपण नामदेव पायरीसमोर पाहतो, ज्यांना डोके टेकवल्याशिवाय आपण आत जात नाही, त्यांच्याच लेकरांना आपण मैला उचलायला लावत होतो, आणि हे न्यायालयाने सांगेपर्यंत एकाही कीर्तनात ऐकू आले नाही. नगरपालिकेने करायला हवे होते, सरकारने करायला हवे होते, हे सगळे मान्य. आपणही करायला हवे होते.

त्या काळात सोलापूरला जिल्हाधिकारी होते तुकाराम मुंढे. पासष्ट एकराची घडी बसली, शौचालयांची संख्या वाढली ती त्यांच्या कारकिर्दीत. त्याच मुंढ्यांनी सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर आपत्कालीन रस्ता मोकळा सोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा देवस्थानाच्या पंच कमिटीशी त्यांचा मोठा वाद झाला आणि शहर ढवळून निघाले. रुग्णवाहिका आत शिरेल एवढी वाट सोडा, ही मागणी काही अधर्माची नव्हती. पण शतकानुशतके चाललेल्या यात्रेत बाहेरून आलेला अधिकारी आखणी करतो, याचे शल्य होते. पंढरपूर आणि सोलापूर या दोन्ही ठिकाणी मागणी बहुधा बरोबर होती आणि विचारपूस अपुरी होती, असे मला आज वाटते.

वाट मोकळी न ठेवल्याने काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभात सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे गेली. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत अरुंद पायऱ्यांवर त्याहून कितीतरी जास्त, तीनशेच्या आसपास माणसे गेली. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, दोन्ही बाजूंना दुकाने, आणि त्यांना लागलेली आग. मांढरदेवीनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत यात्रांचे आराखडे होऊ लागले. २००५ सालीच आपत्ती व्यवस्थापन कायदा आला आणि जिल्हाधिकारी हा जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा प्रमुख झाला. सोय झाली, पण पालिकेच्या हातून आणखी काही गेले. यात्रा करही गेला होता, त्याच्या जागी शासनाचे अनुदान आले होते. आता यात्रेचे पैसे वरून येतात आणि हुकूमही वरून.

केवळ रुंद जागेने माणसे वाचतात, असे मात्र कोणी समजू नये. प्रयागला गंगा-यमुनेच्या संगमावर मैलोन्‌मैल वाळू मोकळी आहे, तरी २९ जानेवारी २०२५ रोजी मौनी अमावास्येच्या पहाटे तिथे चेंगराचेंगरीत माणसे गेली. सरकारनेच ३० सांगितली. माणूस कुठून येतो, कुठून जातो, आणि येणारा व जाणारा समोरासमोर आले तर काय, हे ठरलेले नसेल तर मैदानही बोळच होते.

पंढरपुरातले अलीकडचे मृत्यू तर गर्दीचे नव्हतेच. १४ ऑक्टोबर २०२० रोजी, जत्रा नसताना, संचारबंदीच्या त्या उदास वर्षात, मुसळधार पावसात कुंभार घाटावर नव्याने बांधलेली भिंत कोसळली. तिच्या आडोशाला थांबलेली सहा माणसे गेली. पंढरपुराशेजारच्या मंगळवेढ्याला चोखोबा गावकुसाच्या भिंतीखाली गेले, ती शके १२६० ची, म्हणजे इसवी १३३८ ची आठवण आपण दर वर्षी सांगतो. सात शतकांनी त्याच परिसरात पुन्हा भिंत पडली आणि तिच्याखाली पुन्हा गरीबच सापडले. नदीकाठ सुंदर व्हावा म्हणून ती भिंत उभी केली होती.

आणि ३१ ऑक्टोबर २०२२. कोल्हापूरकडून कार्तिकीला निघालेली दिंडी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ संध्याकाळी रस्त्याच्या कडेने चालत होती. मागून आलेली मोटार आत घुसली. सात वारकरी जागीच किंवा रुग्णालयात गेले. त्याच्या तीन वर्षे आधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, दिवेघाटात नामदेवरायांच्या दिंडीवर यंत्र घसरून दोघे गेले, त्यांत नामदेवरायांच्या कुळातले सोपानमहाराज नामदास होते. माउलींच्या आणि तुकोबांच्या सोहळ्याला रस्ता बंद होतो, पोलीस असतात, टँकर असतात. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसवली, त्यात चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे; फार चांगले झाले. पण चाळीस-पन्नास माणसांची जी दिंडी कार्तिकीला, माघीला, चैत्रीला कोकणातून, कोल्हापुरातून, कर्नाटकातून निघते, तिच्यासाठी कोणी रस्ता बंद करत नाही. तिच्या मागच्या भगव्या पताकेवर एक चमकती पट्टी आणि मागे कंदील घेतलेला एक माणूस, एवढाच तिचा बंदोबस्त. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आधी कळवण्याची रीत आपल्या छोट्या दिंड्यांनी लावून घेतली तर निदान विचारायला जागा तरी होईल.

आता कॉरिडॉर. २०२२ पासून मंदिर परिसर विकासाच्या नावाने महाद्वार ते घाट हा पट्टा मोकळा करण्याची भाषा सुरू झाली. रहिवासी आणि व्यापारी रस्त्यावर आले. राग इतका झाला की त्याच वर्षाच्या अखेरीस काहींनी आम्ही कर्नाटकात जातो असे फलक लावले. पंढरीच्या माणसाने असे म्हणावे! कानडा विठ्ठल म्हणणाऱ्या आपल्याला त्यात हसूही येईल, पण तो विनोद नव्हता. पुढे जिल्हा प्रशासनाने बैठका घेतल्या, मोबदल्याची चर्चा केली. आणि हे सगळे चालू असताना, राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांप्रमाणे, पंढरपूरच्या पालिकेची मुदत संपलेली होती आणि वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाकडे होता. १८५५ पासून जे सभागृह दोन आवाजांपैकी निदान एकाचा आवाज होते, तेही मोक्याच्या वेळी मुके होते. निवडणूक झाली ती २०२५ च्या डिसेंबरात.

माझे मत विचाराल तर, महाद्वारातून आडवी बाहेर पडणारी मोकळी वाट हवी, बंब आणि रुग्णवाहिका घाटापर्यंत पोचली पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. मांढरदेवीच्या पायऱ्या आठवल्या की झोप लागत नाही. पण वारकऱ्याच्या सोयीसाठी म्हणून जेव्हा सांगितले जाते, तेव्हा वारकऱ्याला विचारले गेले पाहिजे, आणि आपण तेव्हा गप्प राहता कामा नये. आपल्या नावाने आपल्या यजमानाचे घर पाडले जात असेल, तर किती पाडणे गरजेचे आहे आणि किती नाही, हे विचारण्याचा हक्क पहिल्यांदा आपला आहे. काशीला झाले तसे इथे व्हावे असे म्हणणाऱ्यांनी काशीला जाऊन तिथे पूर्वी कोण राहत होते तेही विचारून यावे. फडकरी, दिंडीप्रमुख, पालिकेचे सदस्य आणि त्या पट्ट्यातली घरे, यांना एका जागी बसवून, चोप उंच करून, ज्यांचे टाळ वाजत आहेत त्यांचे ऐकून घेईपर्यंत पालखी पुढे न नेणे, हे आपल्याच रीतीत बसते.

२०२१ च्या आषाढीबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण ते लवकर विसरले जाईल. त्या वर्षी १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढ्यात विधानसभेची पोटनिवडणूक झाली, त्याआधी सभा झाल्या, गर्दी झाली. जुलैत मात्र पायी वारीला परवानगी नव्हती. दहा पालख्या पुन्हा एसटीने आल्या आणि शेवटचे थोडे अंतर मोजक्या माणसांनी पायी चालून दाखवले. चालतच जाणार म्हणणाऱ्या बंडातात्या कराडकरांना पोलिसांनी ताब्यात घेऊन कऱ्हाडजवळ नेऊन ठेवले. साथीत वारी थांबवणे चूक होते असे मी म्हणत नाही. घराघरातली माणसे गेली होती आणि संतांनी कोणाला मरायला सांगितलेले नाही. पण मत मागायला गर्दी चालते आणि नाम घ्यायला चालत नाही, हा भेद ज्यांनी केला त्यांनी तो कधी समजावून सांगितला नाही, आणि १८९७ च्या कायद्याप्रमाणे त्यांना तो समजावून सांगावा लागतही नाही.

२०२२ ला पुन्हा टाळ वाजले. रस्ते पुन्हा आपल्यासाठी बंद झाले.

जत्रेत देव झोपत नाही. भक्तांना रात्रंदिवस दर्शन मिळावे म्हणून आषाढीच्या आधी त्याचा पलंग काढून ठेवतात, आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला कोमट पाण्याने न्हाऊ घालतात, अंगाला लिंबू-साखर चोळतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात, आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. त्याच दिवसांत बाहेर महाद्वारात पालिकेच्या गाड्या उभ्या असतात. केळीची साले, पत्रावळी, फाटक्या चपला, तुळशीच्या सुकलेल्या माळा असा ढीग उपसून भरला जातो. रहिवासी ओट्यावर पाण्याच्या बादल्या ओततात. कठड्यांचे बांबू सुटतात, आणि पंधरा दिवसांनी पहिली रिक्षा घंटी वाजवत बोळात शिरते.